थोरल्या पातीचा धूर, धाकट्या पातीचा खोकला

माळव्यातील देवास नगरीला संस्थानी हिंदुस्थानच्या इतिहासात जे स्थान मिळाले, ते तिचा विस्तार पाहून कोणी बहाल केलेले नसून, वाटणीच्या कलेत तिने गाठलेल्या परमावधीचे ते फळ आहे. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात तुकोजीराव आणि जिवाजीराव हे पवार बंधू पेशव्यांच्या फौजेबरोबर माळव्यात उतरले, येथील मुलूख त्यांनी जोडीने संपादन केला, आणि पुढे त्यांच्या वंशजांत त्या मुलुखाची जी वाटणी झाली ती इतक्या कसोशीने झाली की, एकाच गावात थोरल्या पातीचे महाराज आणि धाकट्या पातीचे महाराज असे दोन नरेश शेजारी-शेजारी नांदू लागले. राजवाडे दोन, दरबार दोन, खजिने दोन, आणि हद्द अशी की बाजारातून जाणाऱ्या गृहस्थाने आपला उजवा पाय कोणाच्या अमलात पडतो व डावा कोणाच्या, याचे भान ठेवूनच चालावे. १९२१ साली थोरल्या पातीच्या महाराजांचा खासगी चिटणीस म्हणून काही महिने येथे राहिलेल्या ई. एम. फॉर्स्टर या इंग्रज कादंबरीकाराला या कारभाराचे इतके नवल वाटले की, आपल्या देवासच्या पत्रांचे एक पुस्तकच त्याने १९५३ साली प्रसिद्ध केले. इंग्रज सरकारने दोन्ही पातींना प्रत्येकी पंधरा तोफांच्या सलामीचा मान दिलेला असल्यामुळे मानापमानाचा प्रश्न मिटला खरा, परंतु हे दोन्ही मान एकाच गावाच्या डोक्यावर मिळून तीस तोफांचा धूर सोडणार आहेत, ही गोष्ट त्या सनदेवर सही करणाऱ्या साहेबाच्या ध्यानात आली नसावी. धाकट्या पातीचा धूर थोरल्या पातीच्या हद्दीत शिरला म्हणून त्याला कोणी नाक्यावर अडविले, परवाना विचारला अथवा जकात बसविली, असे ऐकिवात नाही. जमीन वाटली गेली, महसूल वाटला गेला. हवा तेवढी वाटणीपत्रात घालावयाची राहून गेली.

१९४८ साली दोन्ही पाती मध्य भारतात विलीन झाल्या, दफ्तरे एक झाली, हद्दीचे दगड रस्त्यांच्या डांबराखाली गेले. वाटणीची खोड मात्र गेली नाही. ती राजवाड्यांतून उठली आणि आम्हां रयतेच्या घरांत येऊन बसली. हल्लीच्या प्रत्येक शहरी घराने हवेच्या बाबतीत दोन पाती पाडल्या आहेत, एक आतली आणि एक बाहेरची. जो काही बिघाड, जी काही दुर्गंधी, जो काही खोकला, तो सर्व बाहेरच्या पातीच्या माथी. त्यास जबाबदार सरकार, कारखानदार, मालमोटारी आणि शेजारी. आतल्या पातीत जे निघते तो धूर नव्हेच. तो सुवास, तो स्वयंपाक, आणि अगदीच डोळ्यांतून पाणी आले तर तो धर्म.

या हवेचा एके काळचा लौकिक मात्र खरोखरच मोठा होता. पूर्वीच्या काळी डॉक्टर मंडळींना औषधे थोडी आणि गावे पुष्कळ ठाऊक असत, त्यामुळे हवापालट हा त्यांच्या चिकित्सेचा मुख्य आधार असे. कुमार गंधर्व ऐन तारुण्यात क्षयाने ग्रासले, तेव्हा माळव्याची कोरडी हवा मानवेल म्हणून १९४८ साली ते देवासला आले. कित्येक वर्षे त्यांना गाणे वर्ज्य होते, एक फुप्फुस जवळजवळ निकामी झाले, आणि तरीही उरलेल्या श्वासावर त्यांनी जे संगीत निर्माण केले ते सर्व महाराष्ट्राने ऐकले. टेकडीच्या पायथ्याशी ‘भानुकुल’ या आपल्या घरी १९९२ पर्यंत ते राहिले. त्यांच्या आजारातून उठण्यात त्या वेळी नव्याने उपलब्ध झालेल्या स्ट्रेप्टोमायसीनचा वाटा किती व हवेचा किती, याचा वैद्यकीय निवाडा काहीही असो, देवासकरांनी सारे श्रेय हवेच्या खात्यावर जमा करून टाकले आणि त्या ठेवीच्या व्याजावर आम्ही आज पाऊणशे वर्षे जगत आहो. पुण्याहून कोणी पाहुणा आला की त्याला चहाच्या आधी गच्चीवर नेण्याचा, चामुंडेच्या आणि तुळजाभवानीच्या टेकडीकडे तोंड करून उभा करण्याचा आणि “घ्या, दीर्घ श्वास घ्या” असे सांगण्याचा आमच्याकडे शिरस्ता आहे. पाहुणा श्वास घेतो. वारा उद्योगनगरीच्या बाजूने असला तर त्या श्वासात सोयाबीनच्या तेलाचा एक उष्ण, खमंग आणि किंचित संशयास्पद गंध असतो. त्यावर आम्ही तत्काळ, या शहरात चलनी नोटांचा छापखाना आहे, तो १९७४ पासून आहे, अशी माहिती देऊन पाहुण्याचे लक्ष अन्यत्र वळवितो. ज्या गावात पैसा छापला जातो तेथे हवा फुकट मिळते, यापरते भाग्य ते कोणते?

अशा स्थितीत २०१९ च्या जानेवारीत भारत सरकारने राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम जाहीर केला आणि हवेचे मानक न पाळणाऱ्या १०२ शहरांची जी यादी काढली तीत देवासचे नाव आले. पहिल्या दिवशी गावाला धक्का बसला. दुसऱ्या दिवशी कोणीतरी ती यादी नीट वाचली आणि तीत दिल्ली आहे, पुणे आहे, नागपूर आहे, इंदूर तर आहेच, असे लक्षात आणून दिले. तेव्हा धक्क्याचे रूपांतर हळूहळू प्रतिष्ठेत झाले, कारण एरवी या शहरांच्या पंक्तीला देवासचे पान कोण मांडतो? भोपाळ चौराह्यावर हवा मोजणारे यंत्र बसविलेले आहे. हे यंत्र अहोरात्र हवेची हजेरी घेते आणि तिचे गैरवर्तन थेट वरिष्ठ कचेरीस कळविते, हे समजल्यापासून काही सुजाण नागरिक त्या चौकातून स्कूटर नेताना, फौजदारासमोरून जाताना माणूस जसा उगाचच सभ्य चालीने चालतो, तशी ती नेऊ लागले. चौक ओलांडला की पुन्हा पूर्ववत. आणि काय सांगावे, २०२५ सालच्या स्वच्छ वायू सर्वेक्षणात तीन लाखांहून कमी वस्तीच्या शहरांत देवासचा पहिला क्रमांक आला! दहा लाखांवरच्या शहरांत इंदूर पहिले, मधल्या गटात आपली अमरावती पहिली आणि धाकट्या गटात देवास. यादीत नाव आले तेव्हा “यंत्रे सदोष आहेत” असे म्हणणारे आमच्या आळीतील गृहस्थ पारितोषिक मिळाले तेव्हा यंत्रांच्या अचूकपणाविषयी बराच वेळ बोलत होते.

या सर्वेक्षणात रस्त्यावरील धूळ, उघड्यावर जाळलेला कचरा, बांधकामाचा राडारोडा, वाहनांचा धूर आणि कारखान्यांची धुराडी यांचा झाडा घेतला जातो, आणि तो घ्यावयासच हवा, कारण बाहेरच्या पातीचे अपराध काही काल्पनिक नाहीत. मुंबई-आग्रा मार्ग आमच्या उशापायथ्याशी गेलेला असून त्यावरून अवघ्या हिंदुस्थानचा माल डिझेलचा धूर सोडीत रात्रंदिवस जातो. एप्रिलात गहू कापून झाला की शेतात उरलेल्या खुंटांना, ज्यांना येथे नरवाई म्हणतात, काडी लावली जाते. तसे करू नये म्हणून दरवर्षी हुकूम निघतात, दंडही होतात, आणि संध्याकाळी क्षितिजावर तांबूस पट्टे दिसू लागले की हुकमांची पोच मिळाली असे समजावे. ज्या माळव्याच्या रात्रींची कीर्ती शब-ए-मालवा म्हणून दिल्लीपर्यंत गेली होती, त्या रात्री चैत्र-वैशाखात गव्हाच्या धुराने खवखवू लागतात. हिवाळ्यात तर थंड हवा जमिनीलगत बसते, वर उष्ण हवेचे झाकण पडते आणि दिवसभराचा सारा धूर त्याखाली मुक्कामास राहतो. परंतु सर्वेक्षणाचे अधिकारी उंबऱ्यापाशी थांबतात. फोडणीला गुण नाहीत, उदबत्तीला गुण नाहीत, न्हाणीघरातील बंबाला गुण नाहीत. आतल्या पातीत ब्रिटिश अमलातील संस्थानांप्रमाणेच अंतर्गत कारभाराची पूर्ण स्वायत्तता आहे.

त्या स्वायत्ततेचे एक आदर्श उदाहरण आमच्या शेजारी राहते. हे गृहस्थ कोर्टातून पेशकार म्हणून निवृत्त झालेले असून, २०१९ ची ती यादी वर्तमानपत्रात वाचल्या दिवसापासून त्यांनी आपल्या घराच्या खिडक्या कायमच्या लावून घेतल्या आहेत. फटींना कागद चिकटविले आहेत; दारही ते इतके अरुंद उघडतात की पाहुण्याला आडवे होऊन आत शिरावे लागते. आत मात्र पहाटे पाचापासून जो कारभार चालतो त्याची कैफियत ऐकण्यासारखी आहे. प्रथम तांब्याचा बंब पेटतो; त्यात नारळाच्या करवंट्या, जुनी वर्तमानपत्रे (ज्यांत हवेच्या प्रदूषणाविषयीचे अग्रलेख असतात) आणि तुटक्या खुर्चीचे पॉलिश केलेले पाय जातात. मग पूजा: पाच उदबत्त्या, एक निरांजन, कापूर, आणि मंगळवार-शुक्रवारी ऊद. त्यानंतर मोलकरीण कोरड्या केरसुणीने काल संध्याकाळी बसलेली धूळ आज सकाळी उठविते, जेणेकरून ती आज संध्याकाळी पुन्हा बसावी. अकराच्या सुमारास लाल मिरचीची फोडणी पडते आणि घरातील सर्व माणसे एका सुरात ठसकतात. तो सूर ऐकून आम्ही आमच्याकडे जेवणाची पाने मांडतो. कपाटात डांबराच्या गोळ्या आहेत, नव्या प्लायवुडच्या फळ्यांतून फॉर्मल्डिहाइडचा मंद दर्प सुटतो आहे, आणि या सर्व वासांवर मात करण्यासाठी पेशकारसाहेब मधून मधून मोगऱ्याच्या नावाचा एक फवारा मारतात, ज्याचा मोगऱ्याशी संबंध नावापुरताच आहे. रात्री निजताना बंद खोलीत हिरवी कासवछाप जळते. आणि हे सर्व करून साहेब सकाळी खोकत खोकत फाटकाशी येतात, रस्त्यावरून गेलेल्या टेम्पोकडे बोट दाखवितात आणि म्हणतात, “पाहिलंत? या लोकांनी जगणं कठीण करून टाकलंय.”

त्या हिरव्या वर्तुळाविषयी येथे थोडे अधिक बोलणे भाग आहे. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, मलेशिया व चीन येथील बाजारांत मिळणाऱ्या डासांच्या वळ्या जाळून त्यांचा धूर मोजण्यात आला, तेव्हा एक वळी पूर्ण जळताना जितके सूक्ष्म कण सोडते तितके सोडण्यासाठी ७५ ते १३७ सिगारेटी ओढाव्या लागतील, असा हिशेब निघाला. आमचे पेशकारसाहेब निर्व्यसनी आहेत. सुपारीचे खांडही त्यांनी कधी तोंडात टाकले नाही, आणि त्यांचा धाकटा जावई गच्चीवर चोरून एक सिगारेट ओढताना सापडला त्या प्रसंगी कुलाच्या अब्रूविषयी त्यांनी जे भाषण केले ते आळीच्या स्मरणात आहे. अशा मनुष्याने रोज रात्री सहकुटुंब शंभर सिगारेटींच्या संगतीत निजावे आणि डासांनी मात्र पहाटेपर्यंत त्या धुराची सवय करून घ्यावी, हा नियतीचा न्याय म्हणावा काय? सूक्ष्म कण म्हणजे ज्याला हल्ली शाळकरी पोरेही पीएम २.५ म्हणतात तो ऐवज: अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक, म्हणजे केसाच्या जाडीच्या विसाव्या हिश्श्याहूनही लहान, आणि म्हणूनच नाकातील केसांच्या चौकीपहाऱ्याला न जुमानता थेट फुप्फुसांच्या खासगी दालनापर्यंत पोचणारा. आपल्या सरकारी मानकाप्रमाणे वर्षाच्या सरासरीने घनमीटरभर हवेत त्याचे ४० मायक्रोग्रॅम चालतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ पासून केवळ ५ मान्य केले आहेत. या ४० आणि ५ यांच्या मधल्या मुलखात आपण सर्व जण बिनतक्रार संसार करतो.

धारचे आमचे मेहुणे या सर्व प्रकाराकडे फार वरून पाहतात. धार हेही पवारांचेच संस्थान, त्यांनाही पंधराच तोफांची सलामी. परंतु भोजराजाची राजधानी, दुसऱ्या बाजीरावाचा १७७५ मध्ये जेथे जन्म झाला तो किल्ला, आणि मुख्य म्हणजे एका गावाला एकच राजा, एवढ्या तीन गोष्टींच्या बळावर धारकर मंडळी देवासकरांना नेहमीच थोडे भाडेकरूसारखे वागवीत आली आहेत. “तुमच्याकडे कारखाने. आमच्याकडे तलाव,” असे मेहुणे दर भेटीत म्हणतात. दिवाळीनंतरच्या रविवारी ते आम्हांला बाफल्यांना बोलावितात, आणि तलावाच्या काठी राहणाऱ्या या शुद्ध हवेच्या अभिमानी मनुष्याच्या अंगणात जो यज्ञ चालतो तो पाहिल्याविना माळव्याच्या हवेचा प्रश्न कोणास समजला असे मी म्हणणार नाही.

बाफले हे माळव्याचे कुलदैवत. कणकेचे गोळे आधी हळदीच्या पाण्यात उकडावयाचे, मग निखाऱ्यांवर खरपूस भाजावयाचे आणि शेवटी तुपात असे बुडवावयाचे की तूप किती आणि बाफला किती हा प्रश्न गैरलागू व्हावा. आता हे निखारे कसले असावेत, याविषयी माळव्यात दोन मते नाहीत: ते गोवऱ्यांचेच, ज्यांना तिकडे कंडे म्हणतात. गॅसवरच्या तंदुरात भाजलेला बाफला हा मेहुण्यांच्या मते बाफला नसून बेकरीचा माल आहे. म्हणून सकाळी आठापासून अंगणात शंभर-दीडशे गोवऱ्यांची रास रचली जाते, तीवर रॉकेल शिंपडले जाते, आणि मग जो धूर उठतो त्यात प्रथम तुळशीवृंदावन, मग पडवी आणि शेवटी मेहुणे स्वतः अंतर्धान पावतात. शेण ओलावा धरून ठेवते, मंदाग्नीवर जळते, अपुरे जळते. आणि अपुरे जळणे हेच तर साऱ्या धुराचे मूळ. कर्ब पुरा जळला नाही म्हणजे काही भाग काजळी होतो, काही भाग कार्बन मोनॉक्साइड, आणि काही भाग अशा संयुगांचा की ज्यांची नावे घेताना जीभ बाफल्यापेक्षा अधिक भाजावी. परंतु हा तपशील धुरातून सांगावा कोणाला? त्या ढगातून मेहुण्यांचा आवाज तेवढा येत असतो: “हा धूर बाधत नाही बरं का! शेणाचा आहे. शुद्ध!”

मेहुण्यांच्या आईंनी मात्र याविषयी कधी मत दिलेले मी ऐकले नाही. त्यांची सारी हयात चुलीपुढे फुंकणी घेऊन गेली, त्यांचे डोळे त्यामुळेच अधू झाले असे डॉक्टर म्हणतात, आणि बाफल्यांच्या दिवशी त्या मागच्या खोलीत दार लावून बसतात. कर्क स्मिथ या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९८१ मध्ये गुजरातेतील खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावर मापनयंत्रे अडकवून चुलीचा धूर मोजला आणि पुढची जवळजवळ चाळीस वर्षे तो हेच सांगत फिरला की, माणसाच्या नाकापाशी जो धूर आहे तो गावाबाहेरच्या धुराड्याहून त्याला जवळचा आहे. घरातील धुराने २०२० साली जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. हे सर्व ठाऊक असूनही त्या रविवारी मी तेरा बाफले खाल्ले, हेही इतिहासासाठी नमूद करून ठेवतो. ते फार उत्तम झाले होते.

जेवणानंतर पानदान पुढे ओढून मेहुणे भोजराजाकडे वळतात. ‘समराङ्गणसूत्रधार’ या भोजाच्या नावावर असलेल्या वास्तुग्रंथात राजाने उन्हाळ्यात विहार करावा म्हणून धारागृहाचे, म्हणजे कारंज्यांनी गार केलेल्या महालाचे, सविस्तर वर्णन आहे, हे सांगून “वातानुकूलन आमच्या गावी अकराव्या शतकात होते” असा निकाल ते देतात. त्याच ग्रंथात लाकडी पक्ष्याच्या पोटात पारा तापवून आकाशात उडण्याची युक्तीही आहे. सुदैवाने ग्रंथकाराने तिचे तपशील मुद्दामच गुप्त ठेवले, नाहीतर पाऱ्याच्या वाफा कोंडून धारच्या किती पिढ्यांनी घरबसल्या स्वर्गारोहण केले असते याची गणती नाही. मेहुण्यांनी देवासचे कारखाने काढले की मी पीथमपूर काढतो, कारण पीथमपूर धार जिल्ह्यात आहे. तेथे धुराडी देवासहून अधिक आहेत, शिवाय २०२१ पासून ११.३ किलोमीटर लांबीची एक लंबवर्तुळाकार धावपट्टी आहे, जीवर मोटारी कोठेही न पोहोचण्यासाठी अतिवेगाने धावतात. “पीथमपूर म्हणजे इंदूरच!” असे म्हणून मेहुणे तो तालुका एका वाक्यात शेजारच्या जिल्ह्याला जोडून मोकळे होतात. वाटणीची विद्या देवासकरांनाच येते असे नाही.

पीथमपुराच्या बाबतीत मात्र एक गोष्ट अशी आहे की जिच्यापाशी आमची थट्टा आपोआप थांबते. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळच्या कारखान्यातून सुटलेला मिथिल आयसोसायनेट निजलेल्या माणसांच्या घरांत शिरला, तेव्हा दारे लावून घेणाऱ्यांना दारांनी वाचविले नाही. त्या कारखान्यातील विषारी कचऱ्याचे सुमारे ३३७ टन चाळीस वर्षे तेथेच पडून होते. उच्च न्यायालयाच्या हुकुमाने ते १ जानेवारी २०२५ च्या रात्री बारा बंद कंटेनरांत भरून भोपाळहून निघाले आणि पीथमपूरच्या भट्टीकडे आले. दोन दिवसांनी पीथमपूर रस्त्यावर उतरले. पुढे न्यायालयाच्या देखरेखीखाली आधी थोड्या कचऱ्यावर चाचण्या झाल्या, मोजमापे झाली, आणि जूनअखेर तो सगळा कचरा जळून त्याची राख उरली. धुराड्यातून निघालेले वायू मर्यादेत होते, असे अधिकाऱ्यांनी सांगितले. भोपाळचा इतिहास ठाऊक असलेल्या माणसाने त्या दिवसांत आपली खिडकी लावून घेतली असेल, तर त्याला हसण्याची माझी छाती नाही.

आमच्या स्वतःच्या घरात, आतल्या पातीच्याही पुन्हा दोन पाती आहेत. थोरली पाती म्हणजे आमच्या मातुःश्री. देवघर, ऊद, धूप, कापूर आणि स्वयंपाकघरातील कढई हा त्यांचा वतनी मुलूख. धाकटी पाती म्हणजे इंदूरला शिकणारी आमची कन्या, जी दर शनिवारी घरी येते, उंबऱ्यात पाऊल टाकताच खोकते आणि त्या खोकल्याने आपल्या आगमनाची वर्दी देते. मी या दोहोंमध्ये पोलिटिकल एजंटाच्या नात्याने वावरतो, म्हणजे दोन्ही पक्षांचे ऐकून घेतो, वर काहीच कळवीत नाही आणि जेवण दोन्हीकडे करतो. आमच्या सौभाग्यवतींनी तटस्थतेचे धोरण पत्करले असून, “अहो, तुमच्या आईला तुम्हीच सांगा आणि तुमच्या मुलीलाही तुम्हीच,” एवढेच त्यांचे परराष्ट्रीय धोरण आहे.

“आजी, किती धूर करतेस गं!”

“धूर कसला? ऊद आहे तो. उदानं हवा शुद्ध होते.”

“धूर तो धूर, आजी. यंत्र आणून दाखवू का मोजून?”

आणि तिने खरोखरच आणले. प्रथम झाडांचा प्रयोग झाला होता: घरातील रोपे हवा शुद्ध करतात असे कोठेसे वाचून तिने दिवाणखान्यात कुंड्या मांडल्या, पुढे तिनेच शोधून काढले की हवेवर काही परिणाम दिसावयाचा तर खोलीच्या दर चौरस मीटरात किमान दहा आणि कदाचित शेकडो रोपे लावावी लागतील, म्हणजे माणसांना बाहेर राहावे लागेल. कुंड्या गच्चीवर गेल्या. मग आले ते पांढरे, उभट, गुणगुणणारे हवा गाळण्याचे यंत्र. हवा ठीक असली की त्याच्या कपाळी निळा दिवा, बिघडली की लाल. आणि लाल झाले की ते आपला पंखा जोराने फिरवून मोठ्याने घुमू लागते. बाहेरून मालमोटार गेली तर ते निळेच राहिले. पेशकारसाहेबांचा बंब पेटला तेव्हा किंचित जांभळे झाले. सायंकाळी मातुःश्रींनी धुपाटण्यात निखारा घेऊन त्यावर ऊद टाकला मात्र, यंत्र रक्तासारखे लाल झाले आणि सबंध घर घुमू लागले.

कन्या विजयी मुद्रेने आजीकडे पाहू लागली. मातुःश्री क्षणभर थबकल्या, मग धुपाटणे यंत्राच्या अगदी जवळ नेऊन तीनदा ओवाळले आणि म्हणाल्या, “बघितलंस? यंत्राला सुद्धा कळतं.”

यानंतर वाटाघाटी अटळ झाल्या. पाच उदबत्त्यांऐवजी एक, ऊद फक्त पूर्वेची खिडकी उघडी ठेवून, कासवछापेचे संपूर्ण उच्चाटन होऊन तिच्या जागी मच्छरदाणी, केर काढण्याआधी फरशी ओल्या फडक्याने पुसणे, आणि फोडणीच्या वेळी स्वयंपाकघरातील झरोक्याचा पंखा चालू, अशी कलमे दोन्ही पातींनी मान्य केली. तह आठ दिवस चोख पाळला गेला. नवव्या दिवशी पेशकारसाहेबांची लेखी तक्रार आली की, अर्जदाराने मोठ्या कष्टाने आपली हवा सुरक्षित ठेवली असता शेजारच्या घरातील झरोक्याचे तोंड अर्जदाराच्या फाटकाकडे काढण्यात आले असून, तेथून रोज अकरा वाजता मिरचीचा धूर अर्जदाराच्या मालकीच्या श्वासात विनापरवाना सोडला जातो, तरी योग्य ती तजवीज व्हावी. आमचा आतला धूर त्यांच्याकडे जाऊन बाहेरचा झाला होता. उत्तरादाखल आम्ही त्यांच्या बंबाची माहिती सविनय कळविली. आता दोन्ही अर्ज आळीच्या पंचांकडे आहेत, आणि पंच दोन्ही घरी चहा घेऊन येतात-जातात.

तहातील कलमांपैकी देवघराच्या बाबतीत मात्र मातुःश्रींनी पुढे आपल्या अधिकारात थोडी दुरुस्ती केली. खंडेनवमीला घरातील सगळी आयुधे पाटावर मांडली गेली: अडकित्ता, विळी, शिवणयंत्र, माझ्या जुन्या टंकलेखनयंत्राचा सांगाडा, आणि मध्यभागी, झेंडूची माळ घालून, हळदकुंकू लावून, ते पांढरे यंत्र. त्याच्यासमोर पाच उदबत्त्या लागल्या, कापूर पेटला, उदाचे दोन मोठे खडे निखाऱ्यावर पडले. यंत्र लालबुंद झाले आणि पूर्ण जोराने घुमू लागले, ते आरती संपून प्रसाद वाटून होईपर्यंत थांबले नाही. कन्येने माझ्याकडे पाहिले, मी छताकडे पाहिले, आणि मातुःश्री सर्वांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, “सबंध आरतीभर एका जागी उभं राहून म्हणणारं या घरात एवढं एकटंच आहे.”